गार्डसाहेबाची शिट्टी

शिस्तीचं मले सांगू नका भाऊ, ते मी एका दुपारी पोटभर पाह्यली आहे. पयल्या निवडणुकीनंतरची गोष्ट. पोंभुर्ण्याच्या जंगलात आमी दहा जण सागाच्या दहा झाडाईवर कुऱ्हाडी चालवत होतो. जेवाची हाक आली तरी हातातलं झाड पाडल्याबिगर कोणी बसत नव्हतं. नव्या गार्डसाहेबाले ते पटलं नाई. म्हणे, "शिट्टीवर थांबाचं, शिट्टीवरच सुरू कराचं. मधात एक घावही नाई!"

दुपारी शिट्टी वाजली. दहाही कुऱ्हाडी जागीच थांबल्या. साहेब खूश! एका झाडाले टेकून बसला, शिट्टी बाजूले ठेवली अन् डबा उघडला. आमी सगळे दूर उन्हात.

"काऊन रे, सावलीत या ना!"

मी म्हटलं, "साहेब, ते माझं झाड आहे. तुमच्या पाठीमांगं चारच बोटं कापाचं राह्यलं."

साहेब डबा सोडून असा पळाला का आमच्याही मांगं जाऊन उभा राह्यला. "मंग पाड ना ते!"

"पाडतो ना साहेब. शिट्टी?"

शिट्टी झाडाखालीच राह्यली होती. साहेबानं तोंडानं वाजवून पाह्यली, पण ओठ असे सुकले होते का निसती हवाच निघाली.

आमी आपले शिस्तीत उभे.