सात नंबरचे नातेवाईक

हसू नका गं, पण नर्स म्हणून आयर्लंडला गेले आणि पहिल्याच आठवड्यात मी वॉर्डात ओरडले.

सवय, दुसरं काय! आपल्या भिवंडीत पेशंट एक आणि नातेवाईक बारा. अंबाडीहून मामा आलेला असतो, लूमवरची शिफ्ट सोडून शेजारी आलेला असतो. औषधं आणायची असली, की आपण दारात उभं राहून हाक मारायची, "सात नंबर के साथ कौन है?" लगेच चौघं धावत येतात. उलट ती गर्दी हटवतानाच घसा बसतो.

तिथेही सात नंबरच्या आजोबांना बेडवरून खुर्चीत बसवायचं होतं. धरायला अजून एक माणूस हवा, म्हणून मी सरळ दारात जाऊन इंग्लिशमध्ये ओरडले, "सात नंबरचे नातेवाईक कुठे आहेत?"

बाहेर कुणीच नाही. नुसती माझी सीनियर, माझ्याकडे बघत उभी.

मागे वळले, तर आजोबा घाईघाईने हातानेच केस नीट करत होते.

"कोण आलंय?"

आता काय सांगणार? म्हटलं, "मीच आलेय."

त्यांनी माझ्या युनिफॉर्मकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग उभी का? बस ना."

इतक्या वर्षांत ड्युटीवर पेशंटजवळ कधी बसले नव्हते मी. बसले.

तेवढ्यात सीनियर आत आली. आजोबांनी तिला हातानेच थांबवलं.

"नंतर या. माझ्याकडे पाहुणे आलेत."