परवाच्या दुपारचा चिरागदान

(बऱ्हाणपूर, राजपुरा. दिल्ली दरबारानंतरचा उन्हाळा. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले शिरस्तेदार गजाननराव यांचा दिवाणखाना. चुडामण तांबट नुकतंच काहीतरी जड उतरवून घाम पुसतो आहे.)

गजाननराव: ...तेव्हा नीट ऐकून ठेव, चुडामण. आजपासून या दिवाणखान्यात शहाजहानपेक्षा वयानं लहान अशी एकही वस्तू राहणार नाही.

चुडामण: मंग हा चिरागदान वापस नेऊ का, रावसाहेब? तो परवाच्या दुपारचा हाय.

गजाननराव: हळू बोल. वस्तूचं वय ती कधी झाली यावर नसतं. ती कशी दिसते यावर असतं.

चुडामण: तसं पाहायचं तं मी बी मोगल जमान्यातलाच म्हना.

गजाननराव: हा हिरवा गंज मात्र काय बेमालूम चढवलास. असा गंज धरायला पिढ्या जातात.

चुडामण: चिंच, मीठ, आन गोठ्यातला खड्डा. दोन रातीत तीनशे वर्स. म्हैस थोडी नाराज झाली, बाकी काही नाही. वरचा दिव्याचा भाग फिरवला का निघतो बरं, साफ करायले. ओढू नका, फिरवा.

रंभाबाई: अहो, भिंतीवरची बादशहाची तसबीर कुठं गेली?

गजाननराव: माळ्यावर. पंचम जॉर्ज फार नवा आहे.

रंभाबाई: तुमची पेन्शन तोच देतो.

गजाननराव: पेन्शन देतो म्हणून काय डोक्यावर बसवायचा? त्या जागी ढाल येणार आहे.

रंभाबाई: आणि कोपऱ्यातला हा लोखंडी गोळा?

गजाननराव: असीरगडच्या तोफेचा आहे तो.

चुडामण: जिनाच्या कारखान्यात तागडीले टांगलेला व्हता, बाई. कापसाच्या वजनाले.

गजाननराव: चुडामण.

चुडामण: त्याच्या आंधी असंल तोफेत. मी काही पाहायले गेलो नव्हतो.

रंभाबाई: हुक्काही आणलात. तपकिरीच्या डबीचं झाकण उघडलं तरी तुम्हाला ठसका लागतो.

गजाननराव: हुक्का ओढायचा नसतो, ठेवायचा असतो. गुलाबदाणी शिंपडायची नसते, तीही ठेवायची असते. जावई आत येतील, बसतील, चिरागदानाकडे बघतील. मग मी सहज म्हणेन, हा काय, शाही किल्ल्याच्या हमामातला, आमच्या आजोबांकडे आला. मग त्यावर बोलणं होईल. ढालीवर होईल. गोळ्यावर होईल. संध्याकाळ निघून जाईल.

रंभाबाई: आणि जावयाबरोबर जी येते आहे, तिच्याशी कशावर बोलणं होईल? पिकदाणीवर?

गजाननराव: तिच्याशी तू बोल.

रंभाबाई: बोलायचंच आहे. काय, ते अजून सुचलेलं नाही. भुसावळची गाडी एव्हाना लालबाग स्टेशनात लागली असेल. अहो, नहाणीतलं घंगाळ कुठं दिसत नाही ते?

गजाननराव: कुठलं घंगाळ?

रंभाबाई: आपल्या घरात एकच आहे. मंगलाचं.

गजाननराव: पाहुण्यांना पाय धुवायला तांब्या दे ना. तांब्या काय वाईट आहे?

रंभाबाई: पाहुण्यांना तांब्याच देतात. लेक आली की उंबऱ्याशी घंगाळ ठेवायचं, आणि आईनं आपल्या हातानं तिच्या पायांवर पाणी घालायचं. तुमच्या आईनंच मला शिकवलं. मंगला दर वेळी म्हणायची, आई, पाणी गार आहे. दर वेळी गरम असायचं.

गजाननराव: येणारी आपली लेक नाही. श्रीकांतरावांची दुसरी बायको आहे.

रंभाबाई: रीतीनं लेकच ती. पहिली गेली की तिच्या आईबापांनी दुसरीला माहेर द्यायचं, ओटी भरायची. गळ्यात आपल्या पोरीचा चांदीचा टाक घालून येणार आहे ती. मंगलाचं तोंड कोरलं असेल त्याच्यावर, नाहीतर नुसतंच एक तोंड. सोनाराला कुठं माहीत ती कशी दिसायची.

गजाननराव: मग रीत ठरलेली आहे. करून टाक.

रंभाबाई: रीत ठरलेली आहे. माझं ठरत नाही. सकाळपासून स्वयंपाकघरात उभी आहे, हातात तांब्या घेऊन. तांब्या दिला तर ती पाहुणी. घंगाळ काढलं तर ती लेक. म्हटलं, ते बाहेर काढावं आणि चिंचेनं घासावं. घासता घासता हातालाच कळेल, जमतंय की नाही ते. तर ते जागेवर नाही.

चुडामण: रावसाहेब, मी निघू का? म्हशीले पाहायचं हाय.

रंभाबाई: चुडामण, थांब. तू माझ्याकडे का बघत नाहीस?

चुडामण: मी गोळ्याकडे पाहू रायलो, बाई. लय गोल हाय.

रंभाबाई: अहो.

गजाननराव: मोडीत दिलं.

रंभाबाई: काय दिलं?

गजाननराव: घंगाळ. चुडामणला गाळायला दिलं. त्याच्याच तांब्याचा हा चिरागदान आहे. बाहेरचा तांबा घेतला नाही, त्यात नुकसान काहीच नाही.

रंभाबाई: मंगलाचं घंगाळ तुम्ही मोडीत दिलंत. मला न विचारता.

गजाननराव: विचारलं असतं तर दिलं असतंस? रोज पहाटे नहाणीत शिरलो की ते समोर. रांगायची नव्हती तेव्हा त्यात बसून दोन्ही हातांनी काठ बडवायची. मी पाणी विसणायला लागलो की मला ते ऐकू यायचं. ह्या वयात नहाणीत रडणं बरं दिसत नाही. बाहेर तू विचारायचीस, एवढा वेळ का लागतो.

रंभाबाई: मला वाटायचं, साबण डोळ्यांत जातो.

गजाननराव: मीच तसं सांगायचो.

रंभाबाई: मग मला हाक मारायची.

गजाननराव: जाऊ दे आता. झालं ते झालं. तू इकडे ये, हे बघ. चिरागदान काही वाईट नाही झालेला. मी याला म्हटलं होतं, खाली कुठंतरी फारसी अक्षरं पाड, जमतील तशी. यानं तर कमाल केली. हा काठावरचा लेख बघ. नुक्ते बघ किती. एखादा मौलवीसुद्धा दोन घटका वाचत बसेल.

रंभाबाई: चष्मा द्या.

गजाननराव: फारसीला चष्मा कशाला? तुला कुठं वाचता येते?

रंभाबाई: द्या म्हटलं ना. चुडामण, तुला फारसी येते?

चुडामण: मले तं बाळबोध बी धड येत नाही, बाई.

रंभाबाई: मग हे कुणी लिहिलं?

चुडामण: ते लिहिलेलंच आलं व्हतं.

गजाननराव: म्हणजे काय?

रंभाबाई: अहो, खाली बसा. मान वाकडी करा. अजून. आता उलटं वाचा.

गजाननराव: गुडघा दुखतो माझा. हं. हे काहीतरी... टिंबाटिंबांचं आहे. हा अनुस्वार... चि... चि. मं...

रंभाबाई: वाचा पुढे.

गजाननराव: पुढचं हिरवं झालंय.

रंभाबाई: तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. तिच्या बारशाला कासाराच्या पुढ्यात बसून तुम्हीच टिंबं पाडून घेतली होतीत. शेजारी हा पोचा. माझ्या हातून आडाच्या काठावर पडलं होतं तेव्हाचा.

गजाननराव: चुडामण, मी तुला गाळायला सांगितलं होतं.

चुडामण: हाव, सांगितलं व्हतं. पन तुमी तोंड खिडकीकडे करून सांगितलं, रावसाहेब. मले बराबर ऐकू नाही आलं.

गजाननराव: तुला चांगलं ऐकू आलं होतं.

चुडामण: मंग असं समजा का मी कामचोर हाय. एवढा जाड पत्रा आता कोन बनवतो? उलटं मांडलं तं बैठक तयारच व्हती. बुडाले छेद नाही पाडला. नुसतं एक कडं बसवलं, त्याच्यात वरचा दांडा फिरतो. पितळाची पानं चिटकवली, गंज चढवला. नाव खरडायले कानस बी घेतली व्हती हातात. मंग जेवनाची वेळ झाली.

रंभाबाई: आणि जेवणानंतर?

चुडामण: जेवनानंतर मी झोपतो, बाई. सगळ्या राजपुऱ्याले माहीत हाय. येतो मी. तो गोळा तेवढा भिंतीकडे सरकवा, पावन्याच्या पायावर येईल.

रंभाबाई: ये. मागच्या दारानं जा, म्हणजे त्यांच्या समोर पडणार नाहीस.

गजाननराव: काही बोल ना. रागाव तरी.

रंभाबाई: मला एक सांगा. घर सजवायला तुम्हाला दुसरं कुठलं राज्य मिळालं नाही? शहाजहानची बेगमसुद्धा ह्याच गावात गेली. बाळंतपणातच.

गजाननराव: तिला जाऊन तीनशे वर्षं होत आली. तिच्यासाठी रडणारे सगळे मेले. म्हणून तर.

रंभाबाई: म्हणून काय?

गजाननराव: या खोलीत असं काही नको होतं मला, की ज्याच्यासाठी रडणारं माणूस अजून जिवंत आहे. सुरई बघितली, तर कुणाची, ठाऊक नाही. ढाल बघितली, तर कुणाची, ठाऊक नाही. श्रीकांतराव समोर बसतील, त्यांच्या शेजारी ती पोर बसेल, आणि सगळीकडे परक्यांच्या वस्तू. कुणाचाही आवाज फुटणार नाही. एक संध्याकाळ, एवढंच.

रंभाबाई: मग तुम्हाला आणि मलाही माळ्यावर टाकायचं होतं. जॉर्जच्या शेजारी.

गजाननराव: मागच्या वेळीही मी सजवतच होतो.

रंभाबाई: ते आत्ता नको.

गजाननराव: तिला पहिल्या बाळंतपणाला आणायचं, तर मी आधी खोली रंगवायला काढली. खिडकीला रंगीत काचा. भिंतीवर वेलबुट्टी. पाळण्याला खंडव्याहून मागवलेले राघू. श्रीकांतरावांना कळवलं, चुना ओला आहे, वाळला की न्यायला येतो. चुना वाळला. तिकडे तिचे दिवस भरायच्या आधीच...

रंभाबाई: चुना ओला आहे म्हणून थांबा, हे मी म्हटलं होतं.

गजाननराव: तू?

रंभाबाई: ओल्या चुन्याचा वास पोरीला सोसणार नाही, असं मी म्हटलं. तुम्ही तर खाटेखाली निखारे ठेवून खोली वाळवायला निघाला होतात. मी थांबवलं.

गजाननराव: मला का आठवत नाही हे?

रंभाबाई: तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात की माझ्यामुळे उशीर झाला. मी तुम्हाला सांगू दिलं.

गजाननराव: कशासाठी?

रंभाबाई: दोघांनी एकदम कोसळायचं तर चूल कुणी पेटवायची?

गजाननराव: रंभे...

रंभाबाई: थांबा. कुणीतरी येतंय. टांगा वेशीपाशीच सोडलेला दिसतो, गल्लीत शिरत नाही ना. चालत येतायत.

गजाननराव: तू खिडकीशी उभी राहू नकोस. बरं दिसत नाही. काय दिसतंय?

रंभाबाई: श्रीकांतराव पुढे आहेत. पुढे होते. आता शेजारच्यांच्या ओट्यापाशी थांबले, जोड्यातला खडा काढतायत.

गजाननराव: खडा गेला असेल.

रंभाबाई: खडा नाही हो. तिला पुढे केलंय. आधी तिनं जावं म्हणून.

गजाननराव: आणि ती?

रंभाबाई: केवढीशी आहे. नऊवारी सावरता येत नाही अजून. पदर एका हातानं गळ्याशी गच्च धरलाय.

गजाननराव: ऊन लागत असेल.

रंभाबाई: टाक झाकतेय. मला दिसू नये म्हणून.

गजाननराव: कुणी सांगितलं असेल तिला, झाक म्हणून?

रंभाबाई: हे कुणी सांगत नसतं. तिचं तिला सुचलं. आता आली. उंबऱ्याबाहेर उभी आहे, कडी वाजवत नाही. हात वर नेते आणि खाली घेते.

गजाननराव: मी जाऊ? मी काय म्हणायचं ते ठरवून ठेवलंय. या, बसा, हा चिरागदान शाही किल्ल्याच्या...

रंभाबाई: तुम्ही काही म्हणू नका.

गजाननराव: मग मी काय करू? मला काहीतरी करायला दे. नुसता उभा नाही राहू शकत मी इथं.

रंभाबाई: तो वरचा दांडा फिरवून काढा आणि ते सरळ करून द्या मला. ओढू नका, फिरवा. पोरीचे पाय धुळीनं भरलेत.