पांढरी तीनचा पाळणा

आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा कल्पनाचं नाव काढलं तरी माझा जळफळाट व्हायचा. आमच्या भिंगारच्या भजनी मंडळात पेटी मीच वाजवायचे आणि मीच गायचे. शेजारच्या घरात ही नवी सून आली आणि सगळ्या तिलाच म्हणू लागल्या, "तूच गा गं."

एका बारशाला ती म्हणाली, "काकू, पांढरी एकचा सूर मला फार खाली पडतो. पांढरी तीनवरून घ्या ना."

त्यात काय एवढं! मी सगळी बोटं दोन पांढऱ्या पट्ट्या पुढे सरकवली. पाळणा एकदम रडवेला झाला.

मंडळातल्या शांताबाई म्हणाल्या, "अवं ताई, बारसं हाय का दहावा?"

सगळ्या हसल्या. कल्पना हळूच म्हणाली, "काकू, दोन सुरांमधलं अंतर तेच राहायला हवं. मधल्या काळ्याही लागतील."

पंधरा दिवस मी दार लावून पांढरी तीन घोटली. पुढच्या बारशाला नेमका कल्पनाचा घसा बसला.

"काकू, आज तुमच्या पट्टीत तुम्हीच गा."

"छे! आता पांढरी तीनच," मी म्हणाले.

वरच्या सुरांना माझा आवाज पार फाटला. पेटी मात्र अगदी बरोबर वाजली!