सुखदेवानं उबवलेली अंडी

ऐका. शेकोटीत दोन काटक्या घाला आणि जरा जवळ सरका. हा महादू आत्ता म्हणाला, ओढ्याच्या वाटेनं घरी जातो, लवकर पोचेन. बाबा रे, बस खाली. रात्रभर शेंगांची राखण कर आणि उजाडल्यावर जा. का, ते सांगतो.

आपल्या खालच्या आळीला सुखदेव मोहिते होता. साप धरायचा. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या चुलीमागं साप निघाला की यालाच बोलावणं. धरायचा, पिशवीत घालायचा, रानात सोडून यायचा. कुणाकडं कधी चहासुद्धा मागितला नाही त्यानं.

एकदा मळ्यात बांध फोडताना जेसीबीखाली नागीण चिरडली. आणि तिथंच मातीत तिची अंडी. पांढरी, लांबट, एकमेकांना चिकटलेली. लोक म्हणाले, ठेचून टाका. सुखदेव आडवा आला. साप त्यानं पुष्कळ धरले होते, पण घरात अंडी उबवायची? ते कधीच केलं नव्हतं. त्यानं वनखात्याच्या साहेबाला फोन लावला आणि साहेब सांगेल तसं केलं. मोठा प्लास्टिकचा डबा घेतला, झाकणाला भोकं पाडली, आत ओलसर नारळाचा भुसा घातला. सापाचं अंडं उलटं झालं तर आतलं पिल्लू मरतं म्हणे. म्हणून मातीत जी बाजू वर होती, तिच्यावर पेन्सिलीनं खूण केली आणि तशीच अंडी भुशात मांडली. डबा ठेवला माजघरात, पिवळ्या बल्बच्या उबेला.

बायको अलका चिडली. घरात लेकरं आहेत म्हणाली. म्हातारी आई होती, हौसाबाई. ती त्या डब्याकडं बघायचीच नाही. आणि हा रात्री झोपेतून उठायचा. भुसा सुकला का बघायचा, पाणी शिंपडायचा, बल्ब जवळ घ्यायचा, लांब करायचा. एक अंडं काळं पडलं, ते काढून टाकताना याचे डोळे भरून आले. अलकानं ते पाहिलं. म्हणाली, "माणसाच्या लेकरासाठी एवढं केलं असतं तर!"

बोलून गेली आणि घर गप्प झालं.

का गप्प झालं, तेही ऐका. सुखदेवाला धाकटी बहीण होती. रंजना. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, परजातीत. यांचा बाप, आबा, म्हणाला, आमची रंजी मेली. वर्षाच्या आत तिचा नवरा अपघातात गेला. सासरच्यांनी हाकललं. दिवस भरत आलेली ती पोर एका रात्री चालत इथं आली आणि दार वाजवत बसली. आबानं सांगितलं, कडी काढायची नाही. सुखदेव दाराशी उभा होता. हात कडीवर होता. काढली नाही. मग ती ओढ्याच्या वाटेनं तालुक्याच्या दवाखान्याकडं निघाली. पहाटे गुराख्याला सापडली. ओढ्याकाठी बाळंत होऊन मेलेली, आणि शेजारी बाळ, तेही गेलेलं. पुढं आबाही गेला. पण त्या घरात रंजीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

तर अंडी. आषाढातल्या एका संध्याकाळी त्यांना चिरा पडल्या. इवलीइवली डोकी बाहेर आली. पेन्सिलीएवढी पिल्लं, पण फणा काढत होती बघा! आणि नागाच्या पिल्लाला विष असतं ते जन्मल्यापासूनच. अलकानं लेकरं उचलली आणि शेजारी जाऊन बसली. ही आज रात्री घरात राहिली तर मी राहणार नाही म्हणाली. साहेबाचा फोन लागेना. शेवटी सुखदेवानं डब्याला फडकं बांधलं, डबा कवेत घेतला आणि अंधार पडल्यावर रानाकडं निघाला. पुलावरून जायचं की नाही? पण पूल लांब. त्यानं ओढ्याची वाट धरली.

आधी बॅटरी मंदावली. सेल नवे होते, तरी मंदावली. मग मागून हाक आली, "दादा."

त्यानं ओ दिली नाही. रात्रीच्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते, तुम्हाला माहीत आहे. चालत राहिला. करंजाचं झाड मागं गेलं. आता ओढा लागायला हवा. लागलं काय? पुन्हा करंजाचंच झाड. परत चालला. परत तेच झाड. चकवा लागला होता त्याला. आणि हातातला डबा जड व्हायला लागला. एवढीशी पिल्लं, त्यांचं वजन ते किती? पण झोपलेलं मूल खांद्यावर जड होत जातं ना, तसा डबा जड होत गेला. मग आतून आवाज आला. फुसकारा नव्हे. लेकराचं रडणं. बारीक, दमलेलं.

त्याच्या हातून डबा खाली ठेवला गेला. मान वर केली तर समोर दगडावर बाई बसलेली. साडी ओली, केस मोकळे. रंजना. तिनं फडकं सोडलं, झाकण काढलं आणि एकेक पिल्लू उचलून पदरात घेतलं. एकही तिला डसलं नाही.

"उबेला होती होय रे ही?" तिनं विचारलं.

सुखदेवानं मान हलवली.

"नागिणीची अंडी घरात ठेवलीस, दादा. मला एक रात्र ठेवलं नाहीस."

"आबांनी..." तो कसाबसा म्हणाला.

"आबा आत झोपायला गेले होते. कडीवर तुझा हात होता. फटीतून दिसत होता मला."

मग ती उठली. म्हणाली, "चल. आता मला घरी ने."

सुखदेव पळाला. कसा पळाला, कुठून पळाला, त्यालाच ठाऊक नाही. मागं ओल्या पावलांचा आवाज. चप, चप, चप. वेशीपाशी भुतं थांबतात म्हणतात ना? ही थांबली नाही. त्यानं घर गाठलं, दार लावलं, कडी घातली, आणि दारावर थाप पडली.

"दादा, कडी काढ."

जोरात नाही, हळूच. पुन्हा थाप. पुन्हा तेच. हौसाबाई अंथरुणातून उठली. तिनं आवाज ओळखला होता. ती दाराकडं यायला लागली तसा सुखदेवानं तिला धरून ठेवलं, पाठ दाराला लावून बसला आणि पहाटेपर्यंत हलला नाही. कोंबडा आरवला तेव्हा थाप थांबली. उजाडल्यावर दार उघडलं, तर उंबऱ्यावर रिकामा डबा. झाकण लावलेलं. फडक्याची नीट घडी घातलेली.

वाचला. त्या रात्री त्यानं दार उघडलं नाही म्हणून वाचला, असं लोक म्हणतात. म्हणोत. मी काही बोलत नाही. पुन्हा त्यानं साप धरला नाही.

काय दिसलं ते त्यानं आईला सांगितलं. हौसाबाईनं सगळं ऐकून एवढंच विचारलं, "बाळ होतं का रे तिच्याजवळ?"

तो म्हणाला, नव्हतं. पदरात नुसती पिल्लं होती.

तेव्हापासून जीव असेपर्यंत म्हातारी दर अवसेला, दिवस मावळला की त्या ओढ्यावर जायची. एकटी. भाकरी घेऊन. रात्रभर त्या दगडापाशी बसायची आणि सकाळी भाकरी तशीच घेऊन परत यायची. तिला कधी चकवा लागला नाही. तिला कधी कुणी हाकसुद्धा मारली नाही.

तुम्हाला मात्र हाक मारील. म्हणून सांगतो पोरांनो, रात्री त्या वाटेला पाय घालू नका. लांब पडला तरी पुलावरून जा.