गच्चीवरचा विश्वासघात

...नाही, पण मी म्हणतो, वैऱ्यानं केलं असतं तर एक वेळ समजू शकलो असतो! घरच्यांनी? सख्ख्या बापानं? तुम्हाला सांगतो, माणसानं विश्वास ठेवावा तरी कुणावर?

उन्हाळा संपत आलाय, हे मलाही दिसत होतं हो! पण बागेची हौस काय कॅलेंडर बघून येते? मला आली एका रविवारी. गेलो रोपवाल्याकडे, म्हटलं, टोमॅटोची रोपं द्या. त्यानं आधी आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "साहेब, उशीर झालाय." अरे, तू विकायला बसलायस ना? मग वीक की! मातीचं पोतं खांद्यावर घेऊन जिना चढतोय, तर खालच्या मजल्यावरचे काका दारात. त्यांना आम्ही हवामान खातं म्हणतो, रोज एक अंदाज आणि रोज चुकलेला. "आत्ता लावताय? उशीर झाला हो!" म्हणत आले की मागोमाग वरपर्यंत! घरात वडील पेपरमधून डोकंसुद्धा न काढता, "उशीर झाला." आणि बायको? ती हसली! "अहो, तुमचं सगळंच उशिरा. पोहायला निघालात तेव्हा गुडघे गेले होते, बासरी आणलीत तेव्हा पुढचे दात. आणि सुरू केलेलं एक तरी काही तडीस नेलंत का?"

लागलं हो मला. हसू नका, खरंच लागलं. कारण खरं होतं ना ते! मी तिथंच, पोतं खांद्यावर तसंच, शपथ घेतली. "माझ्या हातचा एक तरी टोमॅटो तुझ्या ताटात वाढीन, नाहीतर जन्मात पुन्हा काही सुरू करणार नाही! आणि खबरदार, माझ्या कुंड्यांना कुणी हात लावला तर!"

"कोण लावतंय!" तिघंही एका सुरात.

विश्वास ठेवला मी. तुम्हीही ठेवला असतात! रोज ऑफिसला जाण्याआधी गच्चीवर जाऊन बेतानं पाणी घालत होतो, बोट खुपसून माती बघत होतो... आणि रोपं पिवळी! मग एकेकानं मान टाकली. उपटून बघतो तर मुळं काळी, कुजलेली. उरलं एक. आणि त्या एकाला, तुम्हाला सांगतो, फूल आलं होतं! इवलंसं, पिवळं. मी रजा टाकली. ऑफिसात सांगितलं, घरी आजारी आहे. कोण आजारी, ते त्यांनी विचारलं नाही. आणि बसलो पाण्याच्या टाकीमागे दबा धरून.

ऊन चढलं, रोपानं पानं जराशी सैल सोडली, तर वडील आले. जिना चढवत नाही म्हणून डॉक्टरकडेसुद्धा न जाणारा माणूस, लोटा घेऊन गच्चीवर! "पी बाबा, पी. तो आपला उशिरा उठणारा आहे." ते गेले, तर हवामान खातं, बादली घेऊन! "आज तापमान वाढणार." ते गेले आणि बायको. भाजी धुतलेलं पाणी सगळं ओतलं, वर पदरानं पान पुसलं. "जग रे, नाहीतर तोंड पाडून बसतील."

काय वाटलं असेल मला? उठलो टाकीमागून. ती किंचाळली. मी तिघांना समोर उभं केलं. म्हटलं, तोंडावर हसता आणि पाठीमागे पाणी घालता? बुडवलंत ना मला? खरोखरचं बुडवलंत! घ्या शपथ, कुंडीला यापुढे थेंबसुद्धा घालायचा नाही! माना खाली घालून घेतली तिघांनी. पण मी ओळखतो ना यांना! म्हटलं, शपथ गेली उडत, हे चोरून घालणारच. मग आपण कशाला घाला? चौथं पाणी नको. मी गच्चीवर जाणंच सोडलं.

आणि बघा नशीब! आयुष्यात पहिल्यांदाच तिघंही शब्दाला जागले!

पावसालाही यंदा उशीर; फूल गेलं, पानं गेली, काडी उरली. आता माणसानं विश्वास ठेवावा तरी कुणावर, आणि न ठेवावा तरी कुणावर? काल संध्याकाळी कुंडी उचलायला वर गेलो, तर बायको उभी, हातात पाण्याचा मग, त्या वाळक्या काडीला पाणी घालतेय. मी म्हटलं, "अगं, आता उशीर झालाय."

वळलीसुद्धा नाही. "हे तुम्ही मला सांगताय?"

 तो मग घेतला तिच्या हातातून, आणि उरलेलं पाणी मीच ओतलं. निदान या वेळी उघडपणे तरी!