फोटोवाल्याची उलटतपासणी

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेला फोटोवाला बायकोवर सारखा खेकसत होता. त्याच्या डोळ्यांत थेंब घातलेले, ऑपरेशन दुपारी. उद्या शाळेत वर्गाचा फोटो होता आणि तो तिलाच काढायचा होता. कॅमेरा तिच्या मांडीवर.

"तीन रांगा आहेत. ॲपर्चर किती ठेवशील?"

"आठ."

"चार का नको?"

"चारला भोक मोठं होतं. पुढची रांग स्पष्ट येईल, मागची पोरं धूसर."

"आकडा लहान तर भोक लहान, असं म्हणत होतीस ना परवा?"

"परवा चुकले. आज नाही चुकले."

"पोरं हलली तर?"

"शटर लवकर मिटवायचं."

"मग फोटो काळा येईल, बाई!"

"आयएसओ वाढवून फोटो उजळ करेन. पण बेतानं, नाहीतर तोंडावर वाळू मारल्यासारखे दाणे येतात."

"हे मी कधी शिकवलं?"

"बारा वर्षं तुमचे फोटो कापतेय मी. तुमचे बिघडलेले सगळे माझ्याच हाताखालून गेलेत."

"फार बोलू नकोस. हा बिघडला तर शाळा दुसऱ्याला बोलावेल."

"नाही बिघडणार."

"आणि मला नंतर दिसलंच नाही तर?"

"तर फोटो मी काढेन. पोरांना हसवायचं काम तुमचं."

तिनं कॅमेरा पुसायला घेतला. मला काही राहवेना.

"अहो फोटोवाले, बाईला सगळं येतंय. एकदा शाबास म्हणा की तिला! त्याला काही डोळे लागत नाहीत."