अंघोळीच्या पाण्यावरचं माळवं

माझं नाव प्रयाग. माहेर उमापूरच्या अंगाला. बाप दुसऱ्याच्या विहिरीवर वाट्यानं माळवं करायचा, वांगी, गवार, दोडका, आन बाजारच्या दिवशी टोपलं डोक्यावर घेऊन जायचा. चौथीपर्यंत शाळा शिकले, पुढं घरात काम व्हतं म्हणून बसवलं. लग्न करून दिलं चकलांब्याकडच्या एका वस्तीवर. हितं विहीर न्हाई, रान मुरमाड, पाऊस पडला तर बाजरी, न्हाई तर काय न्हाई. म्हणून दसरा झाला की ऊस तोडायला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतेत आमच्याकडं, एकट्याला कुणी कोयता म्हणत न्हाई. त्यानं तोडायचं, मी मोळी बांधून डोक्यावर गाडीपर्यंत न्यायची. किती वर्षं गेले ते मोजले न्हाईत. मालक, म्हणजे माझा नवरा, वारले, माझे गुडघे गेले, मग पोरगा अंकुश म्हणाला, आई, तू आता घरीच राहा. तवापासून घरी हाय.

घरामागं जागा हाय, चार पावलं. तिथं मी माळवं करते. पाणी कुठलं म्हणाल तर न्हाणीचं. न्हाणी म्हणजे काय, एक दगड, त्याच्यावर बसून सगळ्यांनी अंघोळ करायची, आन तिथून खुरप्यानं चर काढलेली हाय वाफ्यापर्यंत. नळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतोय, ते पाणी टिपाडात भरून ठिवायचं, प्यायला, सैपाकाला. ते माळव्याला कोण घालणार? पन अंगावरून गेलेलं पाणी कुणाच्या बापाचं न्हाई. लेकरांच्या अंघोळीचं पाणी मेथीला, पालकाला, कारण लेकरांना मी साबण लावू देत न्हाई रोज. अंकुश रानातून येतोय तवा फेस करून न्हातोय, ते पाणी शेवग्याला. मंदा, म्हणजे सून, कपडे धुती ते सोड्याचं पाणी बाहेरच, पपईला बी न्हाई. कोण न्हायला बसलं ते बघायचं आन त्या परमानं चरीचं तोंड फिरवायचं. लोक हसतेत. हसू द्या.

आता घोटाळा कुठं हाय ते ऐका. मेथी, पालक, वाल, वांगी, सगळं माळवं थंडीत चांगलं येतं. आन थंडीत घर रिकामं असतं. उन्हाळ्यात सगळे परत येतेत, दगड वाळत न्हाई, चर भरून वाहती, पन उन्हानं पान करपून जातं. पाणी हाय तवा हंगाम न्हाई आन हंगाम हाय तवा पाणी न्हाई, असं माझं जल्मभर चाललंय.

मागच्या दसऱ्याला अंकुश म्हणाला, यंदा कोमलला घेऊन जातो. कोमल माझी नात, सातवीत व्हती. तिच्या पाठीवर लई वर्षांनी पोरगं झालंय, सार्थक, तवा दीड वर्षाचं. मी म्हणलं, कोमल कावून? शाळा हाय तिची. तर म्हणाला, तू एकटी, तुझंच तुला होईना, हिला काय खाऊ घालशील? रेशनचं धान्य हाय, पन नुसत्या भाकरीवर ठिवू का तिला? मी म्हणलं, दुपारची खिचडी शाळेत मिळती, दोन टायमाचं मी बघते, मागं माळवं हाय. त्यानं वाफ्याकडं बघितलं आन म्हणाला, बरं, माळवं हाय तवर राहू दे. वाळलं की मी येऊन घेऊन जाणार. असं ठरलं. पोरगी कुडाला टेकून ऐकत व्हती.

ते गेले. दोन माणसांच्या अंघोळीत काय भिजणार हो? कोमल म्हणाली, आजी, मी दोनदा न्हाते. न्हाली बी, थंडीची, मग शिंकायला लागली. हापशावरून घागर आणावी तर माझे गुडघे न्हाईत, आन पोरीला हापशावर ठिवलं तर शाळा कवा करायची. मग मी विचार केला, वस्तीवर ऊसतोडीला गेलेली घरं सगळी, मागं राहिल्यात म्हाताऱ्या. प्रत्येकीच्या दारात टिपाड हाय. प्रत्येकीची अंघोळ गटारीत चालली. मी शेजारच्या कौसाबाईला म्हणलं, तुझी बादली घेऊन माझ्या दगडावर येऊन न्हात जा, जाताना मूठभर भाजी घेऊन जा. ती म्हणाली, मला काय घरी दगड न्हाई का? पन आली. तिचं बघून आणखी तिघी आल्या. साडीचा आडोसा बांधला, एकीची झाली की दुसरी. एक म्हणायची, प्रयागे, तू माळव्यासाठी आमाला बाटवायला लागलीस. दुसरी म्हणायची, हिला म्हाताऱ्यांचं खत पायजे. एक आबा व्हते, त्यांना बी बोलावलं, तर ते म्हणाले मी दिवाळीला न्हालोय, आता संक्रांतीला बघू. कौसा म्हणाली, नकाच येऊ, तुमच्या अंगावरचं पाणी सोसायचं न्हाई मेथीला.

मेथी आली. पालक आला. वालाला शेंगा धरल्या. कोमल सकाळी भाजी खुडायची, भाकरीसंगं खाऊन शाळेत जायची. फोनवर तिच्या आईला सांगायची आज काय भाजी केली ते.

मग वालावर मावा पडला, बारकी कीड ती, आन तिथंच नाश झाला. कौसाची एक शेळी हाय, तिला गोचीड झालते. तिनं दुकानातून गोचिडाचं औषध आणलं, दोन बादल्या पाण्यात कालवलं आन शेळीला माझ्या दगडावर आणून धुतलं. मी रेशनला गेलते. परत आले तर चरीतून दुधावानी पांढरं पाणी चाललेलं, वास नाकात बसंना. कौसा खुशीत. म्हणाली, माझ्या दारात वतलं तर कोंबड्या पितेत, हितं तुझ्या कामाला येतं, गोचीड मरतेत तर मावा मरायचाच की. आन आज दोन बादल्या पाणी दिलं बघ तुला.

तिनं वाईट म्हणून केलं न्हाई. ते मला बी कळतं. पन पाणी सगळ्या वाफ्यात शिरलं व्हतं. खावं का न खावं, कुणाला इचारावं? मी इचारलं न्हाई. मेथी उपटली, पालक उपटला, वालाचा वेल ओढून काढला, शेळ्यांनी बी खाऊ नये म्हणून खड्डा करून पुरलं. कौसा बाजूला उभी राहून म्हणाली, मी काय मुद्दाम केलं का? मी म्हणलं, न्हाई. कोमल शाळेतून आली, तिनं उघडी माती बघितली आन दप्तर घेऊन घरात गेली.

रविवारी मंदाचा फोन आला. कोमल म्हणाली, पालक केलाय. मी फोन घेतला आन सांगितलं, माळवं गेलं, एक पान न्हाई. पोरगी माझ्याकडं बघतच राहिली. पन उद्या अंकुश येऊन बघंल, मग माझ्या दुसऱ्या कुठल्या शब्दावर त्यानं कावून भरवसा ठिवायचा?

आला तो, उसाच्या रिकाम्या गाडीत बसून. मागं जाऊन बघितलं, आन म्हणाला, कोमल, कपडे घे. ती घ्यायला लागली. मी त्याला म्हणलं, आधी जेव. भाकरी दिली, ठेचा, पिठलं. तो खाली मान घालून जेवला. मग मी म्हणलं, तिकडं पाचटाच्या कोपीत काय खाता? तो म्हणाला, हेच. मी म्हणलं, मग हे खायला तिला तिकडं कशाला नेतो?

त्यानं ताटातच हात धुतला. काय सांगू तुमाला, माळवं ही नुसती सबब व्हती, हे त्याला बी ठाव व्हतं, मला बी. मंदा वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, बांधायची, मोळ्या उचलायची, आन सार्थक उसाच्या फडाच्या कडेला उन्हात बसायचा, गाड्या यायच्या-जायच्या. त्याला धरायला कुणीतरी पायजे व्हतं. बापानं तोंडानं सांगितलं न्हाई येवढंच.

मी म्हणलं, सार्थकला हितं आणून टाक. दोघं बी राहतील.

तो म्हणाला, आई, तुला उठवत न्हाई. मी म्हणलं, ते माझं मी बघते.

तो एकटाच गेला, आन चार दिवसांनी आणून दिलं पोरगं. मंदा आली न्हाई, खाडा परवडत न्हाई. फोनवर म्हणाली, आत्या, त्याला रातीचं शिळं देऊ नका. पोरगं महिनाभर रडलं. कोमल शाळेत गेली की त्याला कमरेला पदरानं बांधून मी वाफे परत उकरले, दोनदा पाणी सोडून माती धुतली, मग तिकडच्या कडेला नवी भाजी टाकली. उशिरा आली, थोडी आली. कौसा अजून न्हायला येती. न्हाती आन जाती, आमचं बोलणं कमीच हाय. पोरगी सातवी पास झाली.

उन्हाळ्यात मंदा आली तवा पोरगं तिच्याकडं जाईना. तिनं हात केले, ते कोमलच्या मागं लपलं. मंदा तशीच वळली आन भांडी घासायला बसली.

आता परत दसरा आलाय. मुकादम येऊन गेला. मला वाटलं यंदा मंदा पोरगं सोडायची न्हाई, त्याला धरायला कोमलला बी नेणार, म्हणजे तिची आठवी गेली. परवा मी मेथीला वाफा करत व्हते तर मंदा येऊन जवळ बसली, खुरपं माझ्या हातातून घेतलं, ढेकळं फोडली, आन खाली बघतच म्हणाली, आत्या, दोघांना बी ठिवा.

मी हो म्हणले. मला झेपतंय असं न्हाई. सकाळी भिताडाला धरून उठते, पोरगं आता पळतंय, त्याच्यामागं कुणी धावायचं? पन हो म्हणले. तिकडं त्या दोघांचे हातपाय धड राहू दे, हितं लेकरं ताटावर बसू दे. कोमलची दहावी होईस्तोवर मला हिंडतं-फिरतं ठिव म्हणावं देवाला. त्याच्यापुढं कवा न्यायचं तवा न्यावं, मी न्हाई म्हणायची न्हाई.